फुलाचं आवतण

धाटावच्या कंपनीत माझ्या नावावर एकच लेट मार्क आहे आणि तो बहाव्यामुळे आहे. रजिस्टरमध्ये तसं लिहिता येत नाही, म्हणून मी 'बस बिघाड' असं लिहिलं. बस बिघडली नव्हती. ती हसनचाचांनी थांबवली होती.

एप्रिल संपत आला होता. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये मी नुकतीच चढले होते. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक माणूस दोन्ही हात पसरून उभा. डोक्यावर पांढरी गोल टोपी, अंगात कुवेतहून आणलेला निळा बॉयलर सूट, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"काय झालं चाचा? कोण पडलं?"

"कोण नाय."

"मग?"

"उतरा. सगळी उतरा. दोन मिनटं. यल्ला!"

डबे काखेत मारून आम्ही पंधरावीस जण उतरलो. चाचांच्या बांधावरचा बहावा फुलला होता. आदल्या दिवशी मी त्याच्याखालूनच गेले होते, तेव्हा त्याच्यावर नुसत्या काठ्या होत्या. आता पानाचं नाव नाही आणि पिवळे घोस पार खाली लोंबताहेत. त्यात एक हळद्या बसला होता, तो उडाला तेव्हाच कळलं की तिथं पक्षी होता.

"ह्याला पाणी कोण घालतं?" चाचांनी ड्रायव्हरला दरडावून विचारलं.

ड्रायव्हर बिचारा घाबरला. "मी नाय घालत चाचा."

"कोणच नाय घालत! बिना पायपाचा हाय!" असं म्हणून चाचा टाळी वाजवून एवढे हसले, की मागच्या सीटवर झोपलेला एक फिटर उठून खाली आला नि काही न कळताच हसायला लागला.

हसनचाचांचं शेत आमच्या शेताला लागून, मध्ये फक्त एक बांध. बावीस वर्षं ते कुवेतला माळी होते. "माळी म्हंजे बागेतला नाय गो," ते सांगायचे, "रस्त्याच्या मधल्या पट्टीचा." दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये हातभर रुंद फुलांची पट्टी आणि तिच्या खालून काळा पाईप. पाईपाला जिथं भोक, तिथं झाड. पाईप एक दिवस बंद पडला की झाड खलास. उन्हाळ्यात त्या झाडांना माणूस लागायचाच, म्हणून चाचांना रजा मिळायची ती थंडीत. त्यामुळं झालं असं, की कायमचे परत येईपर्यंत बावीस वर्षांत त्यांनी आपल्या गावचा मे महिना एकदाही पाहिला नव्हता.

आणि मग तो एकदम पाहिला. आम्ही जन्मापासून बघतो म्हणून आम्हाला त्याचं काही नसतं. आमच्याकडं मे म्हणजे घामोळं, विहिरीचा तळ आणि लग्नाच्या पंगती. चाचा मात्र जत्रेत सुटल्यासारखे रानात फिरायचे. कुडा पांढरा झाला, अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या झाल्या, ताम्हण फुललं, की लगेच बांधावर येऊन मला हाक. "ए बीएस्सी! बाहेर ये. हिचं नाव काय?"

मी वनस्पतिशास्त्रातली बी.एस्सी. आहे. आमच्या घरात आई सही करायला शिकली ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर, बाबा चौथी पास. तेव्हा 'बीएस्सी' अशी हाक कुणी मारली तर मला राग येत नाही, उलट मी जरा सरळ चालते. मी चाचांना लॅटिन नाव सांगायची. ते मान हलवून ऐकायचे आणि म्हणायचे, "नाव चांगलं हाय. पण पाईप नाय ना?"

'बिना पायपाचं' ही त्यांची सगळ्यात वरची पदवी. करवंदाला ती मिळाली होती, आमच्या म्हशीला मिळाली होती आणि माझा निकाल लागला त्या दिवशी मलाही मिळाली. बाबांनी पेढा पुढं केला. चाचांनी तो हातात धरला, माझ्याकडं बघितलं नि म्हणाले, "काय रे, हिला कुणी पाणी घातलं नाय. आपसूक फुलली. बिना पायपाची पोर!" विद्यापीठाच्या कागदावर तो शेरा नाही, एवढीच त्या कागदात उणीव.

पाईप त्यांच्या डोक्यातून जायला मात्र वेळ लागला. आल्या आल्या पहिल्याच उन्हाळ्यात ते आमच्या अंगणात येऊन बाबांना म्हणाले, "कुणाचा तरी पंप सकाळधरनं चालू राहिलाय. टुक टुक टुक टुक. बंद करा, मोटर जळंल." भर उन्हात ते तीन शेतं पालथी घालून आले. शेवटी वडाखाली उभे राहिले, तेव्हा वर बघून कळलं की पंप हिरवा आहे, मुठीएवढा आहे आणि त्याच्या कपाळावर लाल टिळा आहे. तांबट पक्षी. चाचा तिथंच खाली बसले. "ह्यो दिवसभर चालतो?" "व्हय." "डिझेलबिगर?" त्यानंतर ते तांबटाला 'मोटरमन' म्हणायचे.

त्यांच्या बायकोचं, जैतूनचाचीचं, प्रकरण वेगळं होतं. ती फुलांचं कौतुक तोंडानं करत नसे, हातानं करत असे. तिच्या पडवीत ओळीनं दूधपावडरचे मोठे डबे मांडलेले, प्रत्येकात एक झाड. मोगरा, अबोली, अनंत, सदाफुली. चाचा दर रजेला कुवेतहून एक डबा आणायचे. पावडर संपली की ती बुडाला भोक पाडून झाड लावायची. "हा नदीम चालायला लागला तेव्हाचा मोगरा," ती सांगायची, "आणि ही अबोली सासरे गेले त्या वर्षीची." चाचा त्या डब्यांसमोर जरा गप्प असायचे. ती झाडं पायपाची होती. पाणी चाची घालायची.

आता आवतणाचं सांगते. आमच्याकडं लग्नाचं आवतण तोंडी लागतं. पत्रिका छापली तरी एक माणूस घरोघर जाऊन उंबऱ्यात सुपारी ठेवतो नि म्हणतो, "अमक्याच्या घरी कार्य हाय, सगळ्यांनी यायचं." तसं आवतण आलं नाही तर सख्खा भाऊसुद्धा जेवायला जात नाही. एका सकाळी हसनचाचा बिस्किटाच्या डब्यात सुपाऱ्या घेऊन गावात फिरले. "उद्या सकाळी आमच्याकडं. सगळ्यांनी यायचं." लोकांना वाटलं, नदीमचं ठरलं. नदीम म्हणजे त्यांचा मुलगा, तोही आता आखातात, दोह्याला. दुसऱ्या दिवशी तीसेक माणसं आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून हजर.

चाचा सगळ्यांना परड्यामागं घेऊन गेले. वाळलेली, भेगाळलेली जमीन. तिच्यातून एक भुईचाफा वर आला होता. पान नाही, देठ नाही, जमिनीनं स्वतःच फूल काढल्यासारखं. पांढरं, मध्ये जांभळं, हाताच्या पंजाएवढं.

"हे?" आमच्या बाबांनी विचारलं.

"व्हय, हे. वाका. वास घ्या. असा लांबनं काय मिळतोय?"

तीस माणसं पाळीपाळीनं वाकली. एक म्हातारे वाकले ते उठेचनात, त्यांना दोघांनी उचललं. तेवढ्यात पडवीतून चाचीचा आवाज आला, "अहो कुवेतवाले! फुलाचं लगीन लावलंव ते ठीक, पण वऱ्हाडाला चहा कोण पाजणार? घरात दूध वाटीभर हाय!" आमच्या आईनं पळत जाऊन आमच्याकडचं दूध आणलं. तो चहा मी अजून विसरले नाही. फोटो पाठवला असता तर काम झालं नसतं का, असं मी चाचांना विचारलं होतं. "मोबाईलवर आवतण दिलं तर जेवायला कोण येतं गो?" ते म्हणाले.

हसण्यावारी हे सगळं चाललं होतं, पण घरात एक टांगती तलवार होती. शेत विकायचं होतं. चाचांना नव्हे, नदीमला आणि चाचीला. फार्महाऊससाठी मुंबईची एक पार्टी मागं लागली होती. नदीम फोनवर म्हणायचा, "बाबा, तुम्हाला झाडाला पाणी घालता येतं. भात लावता येतं काय?" चाचीला रोह्यात स्टेशनजवळ ब्लॉक हवा होता. कडाप्प्याचा ओटा आणि फिरवलं की पाणी येणारा नळ. तिचं काही चूक नव्हतं. बावीस वर्षं एकटीनं घर ओढलेली बाई. चाचांनी हातापाया पडून एक पाऊस मागून घेतला. घरच्या भातानं कणगी भरली तर जमीन राहील. नाही भरली, तर पार्टीला हो म्हणायचं.

म्हणून त्या वर्षी चाचांनी राब भाजायची तयारी सगळ्यांच्या आधी केली. आमच्याकडं भाताची रोपं जिथं करायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून काढतात. खाली शेण, वर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, त्यावर मातीचा पातळ हात, आणि मग आग. जमीन भाजली की तण मरतं नि रोप जोरात येतं. राब नाही भाजला तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. चाचांनी राब रचला तोही फुलांच्या पट्टीसारखा, कडा दोरीनं आखून.

आणि काडी लावायच्या आदल्या दिवशी मला बांधावरून हाक आली. नेहमीची नव्हे, दबकी. "बीएस्सी. हळू ये. बुधीला पण घेतलीय."

बुधी आत्या आदिवासीवाडीवरची. आमच्या आणि चाचांच्या शेतावर कामाला यायची. रानातलं तिला जेवढं ठाऊक होतं, तेवढं माझ्या तिन्ही वर्षांच्या पुस्तकांत मिळून नव्हतं. हे मी पदवीधर असून सांगते. चाचांनी बोट केलं. राबाच्या मधोमध, मातीच्या ढेकळांत, टिटवीची चार अंडी. ढेकळांच्याच रंगाची, टोकं आत वळवलेली. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत बोंबलत होती.

"उद्या आवतण देतो गावाला," चाचा कुजबुजले. त्यांचे डोळे नुसते चमकत होते.

"दे की," बुधी आत्या म्हणाली. "तो बघ, पहिला पाव्हणा येऊन बसलाय."

समोरच्या शेवग्यावर एक कावळा बसला होता.

"चाचा, त्याला अंडी दिसत नाय. पण तू दिसतोस. माणूस कुठं वाकतोय, कुठं टक लावतोय, ते बघतो तो. तू बघशील तिथं तो येल. जगवायची असतील तर बघू नको. बोलू नको. कुणाला आणू नको."

मी अभ्यासू आवाजात सांगितलं की पिल्लं निघायला चार आठवडे लागतात, म्हणजे आजपासून धरून अमुक तारीख.

"आजपासनं कसं गो?" आत्या म्हणाली. "तू बघितलंस तेव्हा अंडं झालं काय?"

उचलून दुसरीकडं ठेवायची नाहीत, तसं केलं तर ती टाकून जाईल, हेही तिनं सांगितलं. म्हणजे पिल्लं चालती होईपर्यंत राब पेटणार नाही. किती दिवस ते कुणालाच ठाऊक नाही. आणि का पेटत नाही, हे हसनचाचांनी कुणालाही सांगायचं नाही! एक बहावा फुलला तर कंपनीची बस अडवणारा माणूस!

ते दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. शेताकडनं जाताना ते छत्री उघडून राबाच्या बाजूला आडवी धरायचे, म्हणजे नजर चुकूनसुद्धा जाऊ नये. बोलायला तोंड उघडायचे नि तोंडात पान कोंबायचे. एकदा माझ्याकडं धावत आले, "बीएस्सी, आज नर बसला अंड्यावर, मादी—" एवढंच बोलून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला आणि तसेच परत गेले.

गावातले सगळे राब भाजून झाले. काळ्या तुकड्यांमध्ये चाचांचा एकटा तपकिरी. मग गाव चेष्टेला सुटलं. सुरुवात आमच्या बाबांनीच केली. एका सकाळी चाचांच्या फाटकाच्या खांबावर काडेपेटी ठेवून आले. "कुवेतला पेटवायला शिकवलं नसंल, म्हणून." दुसऱ्या दिवशी तिथं तीन काडेपेट्या होत्या. आठवड्याभरात खांबावर रोज काडेपेट्यांचा ढीग. चाचा रोज त्या गोळा करायचे नि म्हणायचे, "शुक्रिया." बस्स.

चाचीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, माणसानं हात टेकले. तिनं नदीमला फोन केला, नदीमनं पार्टीला. एका रविवारी पांढरी गाडी घेऊन पार्टी आली. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून गवताची टोपी. आम्ही बांधावर उभे. चाची जमीन दाखवत पुढं, मागं पार्टी, आणि सगळ्यात मागं हसनचाचा, चेहरा असा की जणू मयत.

"आणि हा फ्लॅट पीस," पार्टी म्हणाली आणि राबाकडं वळली. "इथं स्विमिंग पूल होईल."

टिटवीला ते पसंत पडलं नाही. ती उंचावरून आली, थेट टोपीवर. टोपी उडाली. पार्टीनं हात हलवले. नर दुसऱ्या बाजूनं आला, चष्मा गेला. मग तो मोठा माणूस दोन्ही हात डोक्यावर धरून शेतभर पळायला लागला नि ती दोघं पाळीपाळीनं त्याच्या टकलाचा अंदाज घेत होती. "अरे हटाव! कोई हटाव इसको!" बाबा बांधावर बसले, पोट धरून. बुधी आत्यानं पदर तोंडात कोंबला. पार्टी गाडीत शिरली ती काच लावूनच थांबली.

चाची मात्र पळाली नव्हती. ती होती तिथंच उभी होती आणि तिला अंडी दिसली होती. तिनं एकदा अंड्यांकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, मग फाटकावरच्या काडेपेट्यांकडं. टिटवी उतरली नि तुरुतुरु चालत अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं दुसरी आली, पहिली उठली, दुसरी बसली.

"ही आता आली ती कोण?" चाचीनं विचारलं.

"नवरा," बुधी आत्या म्हणाली. "पाळी लावतात."

चाची कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग चाचांना म्हणाली, "बघा. ह्यांच्यात नवरा पण बसतो अंड्यावर. बावीस वर्षं कुवेतला जात नाय."

चाचांनी खाली बघितलं. आम्हा कुणालाच हसायचं की नाही कळेना. चाचीच पहिल्यांदा हसली. हसत हसतच गाडीकडं गेली, काचेवर टकटक केली नि म्हणाली, "साहेब, आत्ता घरात बाळंतीण हाय. नंतर बघू." आणि परत येता येता छत्री चाचांच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही नका धरू. तुम्हाला धड आडवी पण धरता येत नाय."

मी काढलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी पिल्लं निघाली. पायांवर उभे केलेले कापसाचे चार बोळे. दुसऱ्या सकाळी आईबापांच्या मागून रांगेनं ती बांध ओलांडून आमच्या शेतात गेली. चाचा त्यांच्या मागून डोक्यात नदीमचं हेल्मेट घालून चालत होते, कारण टिटवी उपकार मानत नाही.

मग सुटले चाचा. इतक्या दिवसांचं तुंबलेलं! बिस्किटाच्या डब्यात ह्या वेळी सुपाऱ्या नव्हत्या. ते घरोघर गेले आणि ज्याची त्याची काडेपेटी ज्याच्या त्याच्या हातात ठेवली. "आज संध्याकाळी राब पेटवायचाय. तुझ्याच काडीनं. यायचं." आणि प्रत्येक उंबऱ्यात टिटवीची गोष्ट पहिल्यापासून. शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला होता.

झाडून सगळं गाव आलं. पश्चिमेला ढग उभे होते, वेळ अशी उरलीच नव्हती. बाबांनी जागा दाखवली, "हितनं. वाऱ्याच्या उलट. आग सावकाश सरकली पायजे." सगळ्यांनी एकदम काड्या ओढल्या. राब पेटला, सरकत सरकत गेला नि अंधार पडायच्या आत काळा झाला. चाची म्हणाली, "आता दूध बादलीभर हाय. चहा घेऊन जावा."

त्या वर्षी कणगी भरली. काठोकाठ नाही, पण चाचीनं आत हात घालून बघितला नि "भरली" म्हणाली. तिनं म्हटलं म्हणजे भरली. जमीन अजून आहे. चाचांनी तिच्या ओट्यापर्यंत नळ आणून दिला, स्वतःच्या हातानं पाईप टाकून. तेवढा एक पाईप त्यांनी मनापासून टाकला.

दुसऱ्या वर्षीच्या पावसात चाचा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. भात आता चाची करते आणि राब कधी भाजायचा ते बुधी आत्याला विचारून ठरवते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पावसाआधीच्या उन्हाळ्यात. मी पेणला नवीन लॅबमध्ये लागले होते, धाटावच्या बसचा शेवटचा दिवस. वळणावर तीच टोपी, तोच बॉयलर सूट. ड्रायव्हरनं आपणहून बस हळू केली आणि खिडकीतून ओरडला, "काय चाचा, आज काय फुललं?"

चाचांनी तोंड उघडलं. मग मिटलं. ते शेताकडं पाठ करून उभे होते, अगदी ताठ, एकदाही मागं न बघता. "काय नाय," ते म्हणाले. "जावा. लेट होल."

बस पुढं सरकली. मी खिडकीशी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात छातीशी धरून, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत अशी, चार बोटं दाखवली.